शब्द दिला, पण कोणाला?

भोंगा : कुठला गुडघा म्हणालास?

कावळा : डावा.

भोंगा : मग हात उजव्यावर कशाला ठेवलायस?

कावळा : दोन्ही दुखतात. आलटून पालटून.

भोंगा : ऐकलंत का वहिनी? तुमच्या नवऱ्याचे गुडघे पाळीने कामाला येतात. एक दिवसपाळीला, एक रातपाळीला.

वहिनी : हसू नका हो भाऊजी. रोज झोपताना तेल चोळून देते मी. एवढे कण्हतात बिचारे. तुम्ही बसा. लिफ्ट बंद पडलीय, सगळे जिने चढून आलात.

भोंगा : आलो खरा. पण येताना जिन्यात काय बघितलं, सांगू का? ह्याच्या मागेच होतो मी, ह्याला पत्ता नाही. पोरगी खांद्यावर, दोन-दोन पायऱ्या एकदम, आणि तोंडानं घोड्याचा आवाज काढत चालला होता. खालच्या मजल्यावर तिच्या मैत्रिणीच्या दारात पोरीला उतरवलं, तेव्हा कुठं लंगडायला लागला.

वहिनी : अहो?

कावळा : चढताना दुखत नाही. उतरताना दुखतो.

भोंगा : मग अडचणच मिटली. क्रेनवर चढ आणि उतरू नकोस. डबा मी हुकाला लावून वर पाठवीन.

वहिनी : भाऊजी, तुम्ही ह्यांना न्यायला आलात का? डॉक्टरांनी काही सांगितलंय का ह्यांना? मला तर म्हणाले की विश्रांती हवी.

कावळा : तू चहा टाक ना.

वहिनी : टाकते. आधी कपडे मशीनला लावते. तोवर काय ते ठरवा, आणि मला एकदाच नीट सांगा.

भोंगा : वहिनी गेल्या. आता बोल. त्या मशीनच्या खडखडाटात त्यांना आपलं काही ऐकू जायचं नाही.

कावळा : काय बोलू?

भोंगा : हे बघ कावळ्या, मी नुसता मस्करी करायला नाही आलो. साहेबांनी पाठवलंय. उद्या तो मोठा पंप उतरवायचाय, बांधकामाच्या मागच्या चौकात. तुला माहितीये मागचा चौक, चारी बाजूंनी भिंती, तुझ्या केबिनमधून तळ दिसत नाही. साहेब म्हणाले, सकाळी तुझा कावळा केबिनमध्ये दिसला नाही तर नवा माणूस चढवतो. आणि एकदा चढवला की तोच राहील, उगाच अदलाबदल करणार नाही.

कावळा : चढव म्हणावं.

भोंगा : चढव म्हणावं? अरे त्या खुर्चीला तुझ्या बुडाचा आकार आलाय! पोरीचा फोटो चिकटवलायस काचेला. सुट्टीच्या दिवशी बायकोबरोबर बाजारात जातोस तेव्हासुद्धा मान वर करून दुसऱ्यांच्या क्रेन बघत चालतोस, आणि माणसांवर आपटतोस. तू म्हणतोस चढव?

कावळा : ओरडू नकोस.

भोंगा : माझा आवाजच असा आहे. उगाच भोंगा म्हणतात का मला? खरं सांग, उंचीची भीती बसली का? बसते माणसाला, पोरगी एवढी मरणाच्या दारातून आली म्हटल्यावर मनावर परिणाम होतो. लाज वाटायचं कारण नाही त्यात.

कावळा : उंचीची नाही.

भोंगा : मग?

कावळा : तू हसशील.

भोंगा : हसणार. तू सांग.

कावळा : मी सांगून बसलोय, की आता वर चढणार नाही.

भोंगा : कोणाला? वहिनींना?

कावळा : नाही.

भोंगा : मग कोणाला?

कावळा : तेच कळत नाही.

भोंगा : म्हणजे?

कावळा : पोरीला आत नेलं ना ऑपरेशनला, तेव्हा. डॉक्टर म्हणाले, अपेंडिक्स फुटलंय, विष पसरलंय पोटात, प्रयत्न करतो. डॉक्टर 'प्रयत्न करतो' म्हणाला की काय होतं माहितीये? केबिनमधली पायाखालची जाळी कोणीतरी काढून घेतं. मी बाहेर बाकावर येऊन बसलो. समोर सगळे डोळे मिटून बसलेले. एक म्हातारा होता, त्याचे ओठ हलत होते. एक बाई भिंतीला डोकं टेकून कोणाला तरी चक्क रागावत होती. प्रत्येकाचं कोणीतरी होतं बोलायला. मी आयुष्यभर कोणाशी ओळखच ठेवली नाही.

भोंगा : तू... थांब, थांब. तू? मी जेवायच्या आधी डोळे मिटले की माझ्या डब्यातला घास पळवणारा तू?

कावळा : हो.

भोंगा : 'देव जेवला वाटतं' म्हणणारा?

कावळा : म्हटलं ना हो. मग हात जोडले. पण जोडून बघायचं कुठं? समोरच्या दारावर हिरवा दिवा होता.

भोंगा : कसला दिवा?

कावळा : असतो ना, बाहेर जाण्याच्या दारावर. पळणाऱ्या माणसाचं चित्र असतं.

भोंगा : तू त्या पळणाऱ्या माणसाला हात जोडलेस?

कावळा : दुसरं काही दिसत नव्हतं रे!

भोंगा : हसत नाहीये मी. खोकला आहे तो. पुढं सांग. काय म्हणालास त्याला?

कावळा : शब्दच सुचेनात. ते तुमचं काय असतं, ते मला पाठ नाही. शेवटी तू वॉकीटॉकीवर बोलतोस तसं बोललो. म्हटलं, केबिनमधून बोलतोय, ऐकू येतंय का? काही आलं नाही. परत म्हटलं, पोरगी आत आहे. ती उठली तर मी पुन्हा वर चढणार नाही. ऐकू आलं असेल तर बोला.

भोंगा : 'बोला' म्हणालास? अहो-जाहो केलंस?

कावळा : पहिलीच भेट होती.

भोंगा : धन्य आहेस बाबा. पण हे क्रेनचं कुठून काढलंस? साखर सोडायची! मी दर वेळी साखर सोडतो. चार दिवस कडू चहा पितो, पाचव्या दिवशी हळूच सुरू करतो. तो काही बोलत नाही. समजून घेतो.

कावळा : पोरीच्या बदल्यात साखर?

भोंगा : तसं नाही...

कावळा : तिकडं पोर फाडलेली, आणि मी म्हणू, घ्या, आजपासून फिका चहा? मला तेव्हा वाटलं, द्यायचं तर ज्याच्याशिवाय जमणार नाही असं काहीतरी द्यायचं. मी शोधलं. विडी ओढत नाही, दारू पीत नाही. बायको आणि पोर सोडून माझं म्हणावं असं तेवढंच निघालं, ती वरची केबिन.

भोंगा : बरं. दिलंस. पण आता थंड डोक्यानं विचार कर. तू मानत नाहीस ना?

कावळा : नाही.

भोंगा : अजूनही?

कावळा : अजूनही. ते डॉक्टर रात्रभर उभे होते, त्यांनी वाचवली तिला. मी बघितलंय, बाहेर आले तेव्हा त्यांचे पाय सुजले होते.

भोंगा : मग सुटलास! तिथं कोणी नाही म्हणजे ऐकलं कोणी नाही. कोणी ऐकलं नाही तर शब्द दिलाच नाहीस. भिंतीला दिलेला शब्द कोणी पाळतं का? चल, बूट घाल.

कावळा : असं तुला वाटतं. मी रोज हेच स्वतःला सांगतो. मग बूट हातात घेतो, आणि मनात येतं, मी चढलो आणि तिला काही झालं तर? नुसता ताप आला तरी मला वाटणार, मी चढलो म्हणून आला.

भोंगा : म्हणजे तू मानतोस.

कावळा : नाही मानत!

भोंगा : मग भीती कोणाची वाटते?

कावळा : तेच. तुला काय वाटतं, मी दिवसभर खिडकीत बसून काय करतो? तो असता तर बरं झालं असतं भोंग्या. जाऊन विचारलं असतं, बाबा, घाईत बोलून गेलो, सोडतोस का? तुझं साखरेचं जमतं, कारण तुझी त्याच्याशी घसट आहे. मी कोणाकडे जाऊ? नसलेल्या माणसाकडून शब्द परत कसा मागायचा?

भोंगा : हे मात्र अवघड आहे. माझ्या डोक्याला मुंग्या आल्या.

कावळा : माझ्या तेव्हापासून आहेत. तू सांग, तू का मानतोस?

भोंगा : मी? का म्हणजे? वडील मानायचे.

कावळा : वडील तंबाखू पण खायचे तुझे.

भोंगा : वडिलांवर जाऊ नकोस. बरं, ते सोड. ती साखळी तुटली होती आठवतं? सळयांचा अख्खा भारा खाली आला, मी जिथं उभा असायचो नेमका तिथं. आणि मी कुठं होतो? बुटाची नाडी सुटली म्हणून बाजूला जाऊन वाकलो होतो. मला सांग, माणूस वाचला की त्याला आभार मानावेसे वाटतात की नाही? कोणाचे मानू? नाडीचे?

कावळा : आणि साखळी कोणी तोडली?

भोंगा : ते मी विचारत नाही.

कावळा : का?

भोंगा : विचारलं तर दुसऱ्या दिवशी कामावर जाता येणार नाही म्हणून. तू फार खोलात शिरतोस. मला एवढंच कळतं, मला बोलायची सवय आहे. दिवसभर वॉकी तोंडाशी धरून तुझ्याशी बोलतो. हळू, हळू, डावीकडे, अजून थोडं, बस. तू वरून एक अक्षर बोलत नाहीस. मेल्या, सकाळपासून सुट्टीपर्यंत कधी 'हो' म्हणाला नाहीस. पण मी बोललो की हुक हलतो. मला दिसत नाहीस, तुझं तोंड कसं झालंय माहीत नाही, पण हुक हलतो. मी घरी जाऊन अंथरुणावर तसाच बोलतो. हळू, हळू, पोराला नोकरी, म्हातारीचा डोळा. कधी हुक हलतो, कधी नाही हलत. नाही हलला तर मी म्हणतो, वरून त्याला काहीतरी दिसत असेल, जे मला खालून दिसत नाही.

कावळा : मी वरून बोलत नाही, कारण मला दोन्ही हातांना काम असतं.

भोंगा : त्यालाही असेल.

कावळा : तुझं बरं आहे. माझं उलट आहे ना. तू मला काय शिकवलंस पहिल्या दिवशी? मागच्या चौकात माल उतरवताना डोळ्यांवर जायचं नाही. खालचा आवाज चालू आहे तोवर हलायचं. आवाज थांबला की थांबायचं. बॅटरी गेली असो, खालच्याला चक्कर आली असो, कारण काहीही असो. आवाज नाही तर हुक हलवायचा नाही.

भोंगा : हो. तो नियमच आहे.

कावळा : मी तिथं बाकावर विचारलं, ऐकू आलं असेल तर बोला. काहीच आलं नाही, अजून नाही. मग मी नियमानं थांबलोय. माल हवेत लटकलाय माझा.

भोंगा : अरे बाबा, तो नियम पंपासाठी आहे, पत्र्यांसाठी आहे!

कावळा : मला तेवढा एकच नियम येतो.

वहिनी : चहा घ्या. निवलाय. मशीन केव्हाच बंद पडलं, पाण्याची धार गेली. मी मघापासून दाराआड उभी आहे.

भोंगा : वहिनी, अहो, हा काय म्हणत होता...

वहिनी : मला ऐकू आलंय भाऊजी. तुमचं तर खालच्या मजल्यावरसुद्धा ऐकू गेलं असेल. तुम्ही जरा गप्प बसा. आणि तुम्ही हो! कसला गुडघा? तेलाची अख्खी बाटली संपवली मी त्या गुडघ्यावर! अंगठे दुखून आले माझे. वर कण्हत होतात! 'जरा इकडं, जरा वर', म्हणत होतात!

कावळा : तू चोळत होतीस तेव्हा बरं वाटायचं.

वहिनी : बरं वाटायचं म्हणे. माझ्याशी बोलायला काय धाड भरली होती?

कावळा : तुला कसं सांगणार? तू रोज दिवा लावणारी. मी तुला इतकी वर्षं चिडवलं. मला वाटलं, तुझ्या मागण्यानं पोर परत आली आणि मी मधेच लुडबुड करून ठेवली. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, शब्द दिलाय तर पाळा. मग संपलंच असतं सगळं.

वहिनी : माझ्या मागण्यानं?

कावळा : मग? तू तिकडं कोपऱ्यात बसली होतीस. पदर डोक्यावर घेऊन. तुझे ओठ हलत होते. मी बघत होतो की. तुझ्याकडे बघूनच मला सुचलं.

वहिनी : मी काही मागितलं नाही.

कावळा : काय?

वहिनी : ओठ हलत होते, कारण समोर तुमची बहीण बसली होती, आणि माझ्याकडे टक लावून बघत होती. आई आहे आणि प्रार्थना करत नाही, असं दिसलं असतं ना. मी पोरीची कविता म्हणत होते. शाळेतली, चिमणीची. तेवढीच तोंडात येत होती.

भोंगा : वहिनी, तुम्ही? तुमच्या घरातला दिवा बघून मी माझ्या बायकोला नावं ठेवतो, आणि तुम्ही...

वहिनी : नाही मागितलं. जमलंच नाही. रोज बारीकसारीक काय काय मागते मी. पाणी वेळेवर येऊ दे, ह्यांना सुखरूप उतरू दे. आणि एवढं मोठं आलं तेव्हा जीभ उचलेना. मला वाटलं, मी मागितलं आणि त्यानं नाही दिलं तर? मग मी त्याच्याशी पुन्हा कधी बोलणार नाही. पोर पण जाईल आणि तो पण जाईल. मग मी कोणाकडे जाऊ? म्हणून मी त्याला विचारलंच नाही. जसं माहेरच्या माणसाला मोठ्या अडचणीत काही मागत नाही आपण, कारण तो नाही म्हणाला तर माहेरच तुटेल.

कावळा : आणि मला वाटलं...

वहिनी : आणि पोर वाचली. आता मी रोज दिवा लावते आणि वर बघत नाही. लाज वाटते. मागितलं नाही तरी दिलं, म्हणून लाज वाटते. आणि कधी उलटंच मनात येतं, न मागता होणारच होतं, तर इतकी वर्षं मी मागत काय बसले? ताटात भात वाढताना येतं, कपडे वाळत घालताना येतं. कोणाला विचारणार? तुम्ही हसला असतात.

कावळा : मी हसलो नसतो.

वहिनी : हसला असतात. आता हसणार नाही.

भोंगा : थांबा, थांबा. मला जरा लावू द्या. जो मानत नाही त्यानं मागितलं. जी मानते तिनं मागितलं नाही. पोरगी तर खाली उड्या मारतेय. मग ऐकलं कोणाचं? ह्याचं ऐकलं म्हणावं, तर ह्याच्या मते तिथं कोणी नाही. तुमचं ऐकलं म्हणावं, तर तुम्ही चिमणीची कविता म्हणत होतात. मी घरी साखर सोडली होती पोरीसाठी, ती मधेच...

कावळा : तू पण?

भोंगा : मग? पोरगी काय तुझी एकट्याची आहे? पण मी तिसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून गोड चहा प्यायलो. तेव्हा माझं तर नक्कीच नाही.

वहिनी : अहो, मला एक सांगा. तुम्हाला खरंच वर जायचंय ना?

कावळा : झोपेत हात हलतात माझे. दांडे ओढल्यासारखे.

वहिनी : ते माहितीये मला. कोपर लागतं. मग माझं ऐका. माझं मागणं शिल्लक आहे.

कावळा : म्हणजे?

वहिनी : त्या दिवशीचं. मी वापरलं नाही ते. आज मागते. म्हणते, ह्या माणसाला ह्या शब्दातून मोकळं कर. तुम्हाला मागता येत नाही ना, तुमची ओळख नाही. माझी आहे. बिघडलेली का होईना, पण आहे.

कावळा : आणि तो नाही म्हणाला तर? तुझीच भीती ना ती?

वहिनी : आहेच भीती. पण असं किती दिवस मी तोंड चुकवू, आणि तुम्ही गुडघा धरून बसणार? भाऊजी, तुम्ही आता अवाक्षर बोलू नका.

(ती तिथंच, ओल्या हातांनी, खिडकीकडे तोंड करून उभी राहते. खालच्या मजल्यावरून मुलींच्या पळण्याचा आवाज येत राहतो.)

भोंगा : काय झालं?

वहिनी : काय व्हायचंय? मागितलं.

भोंगा : काही कळलं का पण?

वहिनी : नाही. काहीच नाही. पण मोकळं वाटलं, रडून झाल्यावर वाटतं तसं. ह्यांना काय वाटलं ते ह्यांना विचारा.

कावळा : मला काही आलं नाही. आवाज नाही.

भोंगा : मग परत तिथंच आलो! नियमाप्रमाणं थांबायचं. अरे कावळ्या, एक विचारू? एकदा माझ्या वॉकीची बॅटरी गेली होती, मागच्या चौकात. पत्र्यांचा गठ्ठा अर्ध्यावर होता. मी बोंबलत होतो आणि वॉकी मेलेला. तू थांबलास. किती वेळ थांबलास?

कावळा : खूप. वारा होता. गठ्ठा डुलत होता.

भोंगा : मग कसा सुटलास?

कावळा : तू धावत चौकाबाहेर आलास. मातीच्या ढिगावर चढलास आणि दोन्ही हात हलवलेस.

भोंगा : मग! आवाज बंद पडला तर कोणीतरी हातानं दाखवतं. हाताची खूण पण नियमातच आहे.

कावळा : आता कोण येणार ढिगावर?

वहिनी : अहो... मला एक सांगायचं राहिलं. तुम्हाला सांगणार नव्हते, उगाच जीवाला लागेल म्हणून. परवा शाळेतून बाईंचा निरोप आला होता.

कावळा : तिला काही झालं? टाके दुखतात?

वहिनी : टाके ठीक आहेत, घाबरू नका. बाई म्हणाल्या, मधल्या सुट्टीत ती डबा खात नाही, खिडकीत जाऊन उभी राहते आणि हात करते. मी तिला अंघोळ घालताना विचारलं. म्हणाली, बाबांना करते. रोजच करते, आजारी पडायच्या आधीपासून. तुम्हीच सांगितलंय म्हणे तिला, वरून तुझी शाळा दिसते, तू काय करतेस ते सगळं दिसतं मला.

कावळा : हो. ती शाळेत जाताना रडायची पहिल्यांदा, तेव्हा सांगितलं होतं.

वहिनी : ऑपरेशनला नेताना नर्सना म्हणत होती, माझे बाबा सगळं बघतात, नीट करा. म्हणून ती रडली नाही त्या दिवशी. मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतेय.

भोंगा : पण आता तर हा घरी बसलाय. क्रेन रिकामी आहे, तिला माहितीये की.

वहिनी : तेच म्हटलं मी. म्हटलं, अगं, बाबा तर घरी आहेत, वर कोणी नाही, मग हात कोणाला करतेस? तर म्हणाली, मला माहितीये कोणी नाही. पण एखाद्या दिवशी बाबा गेले, आणि मी हात केला नाही, तर त्यांना वाटेल मी विसरले.

भोंगा : रिकाम्या क्रेनला?

वहिनी : रिकाम्या क्रेनला. डबा न खाता.

भोंगा : अरे देवा.

कावळा : मला तिची शाळा दिसत नाही.

वहिनी : काय?

कावळा : वरून. दिसत नाही. पाण्याची टाकी आड येते. शाळेचं छपरसुद्धा दिसत नाही. मी कधीच बघितलं नाही तिला. ती संध्याकाळी विचारायची, आज हात केलेला दिसला का? मी म्हणायचो, दिसला, पण आज डावा केलास का उजवा? ती म्हणायची, दोन्ही. मी म्हणायचो, हां, दोन्हीच दिसले.

वहिनी : तिला सांगितलं नाहीत कधी?

कावळा : कसं सांगू? ती खिडकीत उभी आहे, एवढं मला माहीत असायचं. तेवढ्यावर दुपार जायची माझी.

भोंगा : मला रडवू नका रे दोघं. चहा खारट होईल.

वहिनी : गोड आहे तो. साखर घातलीय तुमच्या.

भोंगा : असू द्या. आज कोणासाठी सोडलेली नाही.

कावळा : पंप किती वाजता उतरवायचाय?

भोंगा : सकाळीच. वारा पडलेला असतो तेव्हा. येतोस?

कावळा : भीती गेली नाही माझी. सांगून ठेवतो. तिला शिंक आली तरी माझा जीव जाणार.

वहिनी : माझाही जाईल. आई आहे मी. त्याला कारण लागत नाही.

कावळा : आणि काही झालंच तर?

वहिनी : तर दोघं मिळून भांडू त्याच्याशी.

कावळा : कोणाशी?

वहिनी : ते तेव्हा बघू.

भोंगा : मग मी साहेबांना कळवू? नक्की ना? परत दाराशी येऊन गुडघा धरशील.

कावळा : कळव. पण तू मधे थांबू नकोस. काही सांगायचं नसलं तरी बोलत राहा. काहीही बोल. चिमणीची कविता म्हण.

भोंगा : मला कुठं येते ती?

वहिनी : मी शिकवते जाता जाता.

कावळा : अगं, तिची मधली सुट्टी कधी होते?

वहिनी : कशाला? तुम्हाला तर शाळा दिसत नाही म्हणालात.

कावळा : नाही दिसत. टाकीच्या दिशेला तोंड करून हात करीन.